परळच्या गल्लीतलं डच गाव

गणपतीच्या देखाव्याला लेखक लागतो, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "त्यात लिहायचं काय असतं?" प्रश्न रास्त आहे. मूर्तिकाराचं काम दिसतं, रोषणाईवाल्याचं दिसतं. लेखकाचं काम फक्त ऐकू येतं, तेही ढोल थांबले तर.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक असताना आणि निवृत्तीनंतरही मी परळ-लालबाग भागातल्या छोट्या मंडळांसाठी चलतचित्रांच्या संहिता लिहीत आलो. चलतचित्र म्हणजे मोटरवर हलणाऱ्या पुतळ्यांचा देखावा. पुतळे बोलत नाहीत. त्यांच्या वतीने ध्वनिमुद्रित आवाज बोलतो आणि तो काय बोलणार हे मी ठरवतो. या लेखनाला नाव लागत नाही आणि विसर्जनानंतर ते उरतही नाही. बातमीच्या कागदात निदान भेळ तरी बांधतात.

या कामाचे नियम कुठे छापलेले नाहीत, पण बातमीच्या नियमांपेक्षा ते कडक आहेत. प्रेक्षक कधीच सुरुवातीला येत नाही. तो मध्ये शिरतो, मध्येच बाहेर पडतो आणि निवेदन गोल फिरत राहतं. त्यामुळे प्रत्येक वाक्य पहिलंच असल्यासारखं लिहावं लागतं. पुतळ्याला तीन हालचाली येतात: मान फिरते, हात वरखाली होतो, कंबर वाकते. इतिहासातल्या ज्या घटनेला चौथी हालचाल लागते, ती घडलीच नाही असं धरून चालायचं. आणि कार्यकर्त्याचं "चला, पुढे चला" हे निवेदकाच्या आवाजापेक्षा नेहमी मोठं असतं. त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही.

पुतळे दरवर्षी नवे करत नाहीत, हेही बाहेरच्यांना माहीत नसतं. एका मंडळाने चंद्रावरच्या स्वारीचा देखावा केला तेव्हा अंतराळवीर म्हणून आदल्या वर्षीचे नारदमुनी वापरले. वीणा काढली, शिरस्त्राण चढवलं, पण दुसऱ्या हाताची आशीर्वादाची मुद्रा काही बदलेना. माणसाने चंद्रावर उतरून चंद्राला आशीर्वाद दिला. प्रेक्षकांपैकी कुणीही आक्षेप घेतला नाही. मला आलेल्या प्रतिक्रियांत तो देखावा सर्वांत लोकप्रिय ठरला.

डच गावाची गोष्ट अलीकडची. परळच्या एका खोलगट गल्लीतल्या चाळीचं मंडळ. अध्यक्ष वसंत परब, बँकेतून निवृत्त, राहायला तिसऱ्या माळ्यावर. त्यांची मुलगी केतकी नेदरलँड्समध्ये नोकरी करते आणि तिथल्या एका छोट्या गावात राहते. गाव बांधाच्या कुशीत आहे. बांधाच्या एका बाजूला समुद्राला मिळणारी नदी, दुसऱ्या बाजूला घरं, आणि घरं नदीपेक्षा खाली. एकदा फोनवर मुलीचा चेहरा बघत असताना परबांना तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून छपराच्या वरच्या उंचीवरून एक बोट जाताना दिसली.

हे सांगण्यासाठी त्यांनी मला मंडळाच्या कार्यालयात बोलावलं.

"साहेब, बोट डोक्यावरून जाते आणि पोरगी खाली कोरडी उभी राहून आमटीला फोडणी देते. आमच्याकडे गटार पायाखालून जातं आणि आम्ही गळ्यापर्यंत. यंदा देखावा हाच. एका डच गावाचा इतिहास."

"खलनायक कोण?" मी विचारलं. देखाव्यात हा प्रश्न आधी विचारतात.

"समुद्र."

"समुद्राला तोंड नाही."

"करून घेऊ," परब म्हणाले.

बैठकीला आणखी दोघं होती. एक नाना घाडी, गिरणीतून निवृत्त झालेले, चाळीचा पंप सांभाळणारे. मोठ्या रस्त्यावरचं पाणी पालिकेचे पंप उपसतात, पण चाळीच्या चौकात साचलेलं पाणी तिथपर्यंत जात नाही. म्हणून मंडळाने कधी काळी एक जुना डिझेल पंप घेतला. तो हँडल मारून सुरू करावा लागतो. नंतर एकाने पाण्यात उभं राहून पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करत राहावं लागतं, कारण दर थोड्या वेळाने तिला प्लास्टिकची पिशवी चिकटते. हे काम नाना एकटे करत आले होते. त्या बदल्यात मंडळाने त्यांना गाऱ्हाण्याचा मान दिला होता. विसर्जनाला निघताना मूर्तीसमोर उभं राहून सर्वांच्या वतीने देवाला साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला गर्दीने "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही कोकणातली रीत गिरणगावात गणपतीइतकीच जुनी आहे. हा मान अनेकांना हवा असतो. परबांना तो फार हवा होता.

दुसऱ्या सुशीलाताई गावडे. तळमजल्यावर राहतात, डबे करतात. दर पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरतं. तांदूळ भिजतो, गॅसची शेगडी पलंगावर चढवावी लागते, पलंग विटांवर. त्या बैठकीला देखाव्यासाठी आल्या नव्हत्या.

"नानांनी सांगितलंय, यंदा त्यांच्या खांद्याला हँडल झेपत नाही," त्या म्हणाल्या. "पंप कोण चालवणार ते ठरवा. या पावसात पुन्हा घरात पाणी आलं तर मी निघाले. बदलापूरला बहिणीच्या शेजारी खोली बघून ठेवलीय."

"तुम्ही गेलात तर डबे?" परबांनी विचारलं. ते स्वतः तो डबा घेत नसत, पण निम्मी चाळ घेत होती.

"डबेपण जातील. हात माझेच आहेत."

"बघू, बघू. कोणीतरी पुढे येईल."

नाना म्हणाले, "कोण येतलो? वरच्या माळ्यावरच्यांका पाणी बघूक आवडता. गॅलरीतसून फोटो काढतत."

विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला आणि देखावा एकमताने मंजूर झाला.

मी माहिती गोळा करायला लागलो. केतकीने शेजारच्या आजींना विचारून बरंच काही कळवलं. एका सूत्रावर छापायचं नाही ही सवय असल्यामुळे मी दुसरा आधार मागितला. तिने चर्चची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना विचारलं. दोघांचं जिथे जुळलं नाही तो भाग मी गाळला. गावाचं नावही गाळलं, कारण ते उच्चारताना घशातून खाकरल्यासारखा आवाज काढावा लागतो आणि आमचा निवेदक म्हणाला, देवापुढे नको.

उरलेला इतिहास असा. आधी दलदल होती. लोकांनी मातीचा बांध घातला, आतलं पाणी पवनचक्क्यांनी उपसलं आणि मिळालेल्या जमिनीवर गाई सोडल्या. बांध सगळ्यांचा, पण त्याचा प्रत्येक तुकडा एकेका शेतकऱ्याच्या नावावर. आपला तुकडा त्यानेच राखायचा. एकाने हलगर्जी केली की सगळं गाव पाण्यात. पुढे हे काम लोकांनी निवडलेल्या पाण्याच्या मंडळांकडे गेलं. ही मंडळं त्या देशाच्या राजेशाहीपेक्षा जुनी आहेत. हे ऐकून परब खूश झाले. तिथेही मंडळच आहे म्हटल्यावर त्यांना तो देश जवळचा वाटू लागला.

या सगळ्यात मला हवी ती गोष्ट सापडली. ज्या शेतकऱ्याला आपला बांध राखणं झेपेनासं होई, तो आपलं फावडं बांधात रोवी आणि बायकामुलांसह गाव सोडून जाई. जो कुणी ते फावडं उपटेल, त्याला त्या माणसाची जमीन मिळे, आणि बांधाचा तो तुकडा राखण्याची जबाबदारीही. दोन्ही एकदम. एक घेऊन दुसरं नाकारता येत नसे.

देखाव्याच्या दृष्टीने हा प्रसंग निर्दोष होता. रोवायला कंबर वाकते, उपटायला हात वर जातो, निघताना मान मागे वळते. तीन हालचालींत एक कायदा बसला.

पुतळे देखावा उभारणाऱ्या दत्ता मेस्त्रींनी जमवले. मंडळाकडे आदल्या वर्षीचा महिषासुर होता. त्याची शिंगं काढून टोपी घातली, मिशा कमी केल्या, तो गाव सोडणारा शेतकरी झाला. चेहऱ्यावरचा संताप राहिला, पण घर सोडणाऱ्या माणसाला तो शोभला. क्षीरसागराचं निळं कापड उत्तर समुद्र झालं. पवनचक्कीला सुदर्शन चक्राची मोटर लावली. ती जरा जास्तच वेगाने फिरे. गाई गोकुळातल्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा काढाव्यात, असं केतकीने कळवलं, कारण त्या घंटा स्वित्झर्लंडच्या वाटतात.

"परदेशच ना तोपण?" मेस्त्री म्हणाले. घंटा राहिल्या.

बांध मात्र खरोखर चांगला झाला. प्लास्टरचा, हिरव्या रंगाचा, मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रांगेच्या अगदी लगत. त्यावर फावडं हवं होतं. पुतळ्याच्या हातातलं थर्मोकोलचं चाललं असतं, पण रोवलेलं फावडं खरं पाहिजे, असा मी आग्रह धरला. चाळीच्या गटारसफाईचं फावडं धुऊन आणलं आणि बांधात रोवलं.

देखावा सुरू झाला. निवेदनातलं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं: "जो हे फावडं उपटेल, त्याला ही सारी जमीन मिळेल, आणि हा बांध राखण्याचं काम आयुष्यभर त्याचं असेल." बातमीत महत्त्वाचं आधी लिहितात. जमीन महत्त्वाची, म्हणून ती आधी. दोन भागांमध्ये निवेदकाने श्वास घेतला होता. नेमक्या त्या श्वासात कार्यकर्ते "चला, पुढे चला" म्हणत आणि रांग सरके.

म्हणजे परळमध्ये रांगेने येणाऱ्या माणसाला ऐकू येत होतं ते एवढंच: फावडं उपटेल त्याला जमीन मिळेल.

दुसऱ्या दिवशी फावड्याला हळदकुंकू लागलेलं होतं. त्यानंतर हार आला. तिसऱ्या दिवशी मी मंडपात उभा होतो तेव्हा एक जोडपं गणपतीला नमस्कार करून घाईने बांधाकडे आलं. बायकोने दांड्याला हात लावून कपाळाला लावला.

"हे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"हात लावा आधी. ह्याला हात लावला की घर होतं म्हणे."

"कुठे?"

"कुठे काय विचारताय? आधी होऊ तर दे."

संध्याकाळी दोन इस्टेट एजंट आले. त्यांनीही हात लावला. एकाने खिशातलं कार्ड फावड्याच्या पायाशी ठेवलं.

परब चिंतेत पडण्याऐवजी आनंदले. गल्लीत कधी नव्हती एवढी रांग लागली होती. पण डच बांधाला नवस बोलला जातोय ही बातमी केतकीच्या गावी पोचली तर काय, असा माझा प्रश्न होता. चौथ्या दिवशी सकाळी मी निवेदकाला पुन्हा बोलावलं आणि वाक्य फिरवलं. "जो हे फावडं उपटेल, त्याला आयुष्यभर हा बांध राखावा लागेल, आणि मग ही जमीन त्याची होईल." श्वास तिथेच, "चला, पुढे चला" तिथेच. आता रांगेला फक्त पहिला भाग ऐकू येऊ लागला.

फावड्यासमोरची गर्दी त्याच दुपारी ओसरली. हळदकुंकवाचा करंडा कोणी तरी परत घेऊन गेलं.

हे निवेदन दिवसभर पूर्ण ऐकणारा एकच माणूस होता. नाना घाडी मंडपालगत खुर्ची टाकून बसत. गोल फिरणारी गोष्ट ऐकून ऐकून त्यांना ती पाठ झाली होती. पाचव्या दिवशी सकाळी ते पंपाच्या खोलीत गेले, लोखंडी हँडल घेऊन आले आणि फावड्याच्या शेजारी बांधात जोराने खुपसलं. प्लास्टरचा टवका उडून उत्तर समुद्रात पडला.

"नाना, काय चाललंय?" परब धावत आले.

"माझा तुकडो माझ्यान राखवना नाय. मी हँडल रोवलंय. आता ज्येका व्हया त्येना उपटाचा. जो हँडल घेतलो त्येचा गाऱ्हाणा. ज्येका गाऱ्हाणा व्हया त्येना हँडल घेवचा."

परबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, हे तुम्ही लिहिलंय. त्यात काही पोटकलम असेल ना? म्हणजे मान एकाने घ्यायचा आणि पंपाला माणूस नेमायचा, असं?"

"नाही."

"तिकडे चालत असेल हो."

"चालत नसे, म्हणून तर तो कायदा झाला."

परब बांधापाशी गेले, हँडलकडे पाहिलं आणि हात मागे बांधून परत आले. समितीतले इतर सभासदही एकेक करून तसंच करून आले. हँडलला दुपारपर्यंत बरीच माणसं भेटून गेली, पण हात कुणी लावला नाही. आदल्याच दिवसापर्यंत शेजारच्या फावड्याला झोंबायला रांग होती.

इथे त्या डच गावाबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी मी निवेदनात घातली नाही, कारण ती त्या दिवशीच माझ्या लक्षात आली. तिथे बांध फुटला तर पाणी सगळ्यांच्या घरात जातं. तिथला कायदा कडक आहे, पण तो पाळणं सोपं आहे, कारण तिथे तिसरा माळा नाही. परळमध्ये पाणी तळमजल्यावर थांबतं.

त्याच दुपारी भरती आणि पाऊस एकदम आले. चौक भरायला लागला. पाणी मंडपात शिरलं आणि देखाव्याचा भूगोल उलटा झाला: समुद्राचं निळं कापड बांधाच्या पलीकडे कोरडं, आणि अलीकडे गोकुळातल्या गाई गुडघाभर पाण्यात. निवेदक सांगत होता की बांधामुळे गाव शतकानुशतकं सुरक्षित राहिलं. दत्ता मेस्त्रींनी शॉक बसेल म्हणून वीज बंद केली. इतिहास तिथे थांबला.

समिती मूर्तीच्या चौथऱ्यावर उभी राहून चर्चा करत होती. पंप कुणी चालवावा यावर दोन सूचना आल्या. दोन्हींत दुसऱ्याचं नाव होतं.

सुशीलाताई घरातून आल्या. साडीचा ओचा खोचलेला, हाताला पीठ. घराच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. त्या सरळ बांधाकडे गेल्या, पीठ पदराला पुसलं आणि हँडल उपटलं.

"ताई, तुम्हाला नाही जमायचं ते," परब चौथऱ्यावरून म्हणाले. "जोर लागतो."

"लागू दे. रोज एवढी कणीक मळते ती काय फुंकर मारून?"

नाना मागोमाग पंपापाशी गेले. मी छत्री धरली होती, एवढाच माझा सहभाग. नानांनी सांगितलं, "अंगठो आत घेव नको. उलटा फिरला तर मोडून टाकीत. सगळी बोटा एका बाजून ठेव. आता फिरव. अजून. सोड."

पहिल्यांदा पंप खोकला. दुसऱ्यांदा खोकून गप्प झाला. तिसऱ्यांदा लागला. सुशीलाताई चौकात उतरून जाळीवरच्या पिशव्या काढत उभ्या राहिल्या, आणि पाणी त्यांच्या उंबऱ्याशी आलं होतं तिथून हळूहळू मागे फिरलं. तांदूळ वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या समितीपुढे आल्या. "गाऱ्हाणं मी घालणार."

परब घसा साफ करून म्हणाले, "आमचा काही विरोध नाही ताई. पण गाऱ्हाणं बाईने घातल्याची रूढी आपल्याकडे नाही."

नाना कोपऱ्यातून म्हणाले, "गेल्या वर्साचो म्हयसासुर औंदा डच झालो. तेवा रूढी खय गेल्ली?"

मान सुशीलाताईंकडे गेला. परबांनी तो तोंड न पाडता दिला, हे नमूद केलं पाहिजे. पंप ज्याचा, मान त्याचा, एवढ्यावर आपली सुटका झाली असा त्यांचा समज होता.

मंडपाबाहेर पडताना सुशीलाताईंनी मला थांबवलं. "पेपरवाले, एक विचारायचंय. मी घेतलं हँडल, ठीक. पण मी एकटी किती दिवस? नाना एकटे होते, त्यांचं काय झालं बघितलं ना. त्या गावात सगळ्यांना आपापला तुकडा होता म्हणता. मग एखादा आपला तुकडा राखत नसला, तर त्याला काय करायचे?"

मी सांगितलं. तो भाग संहितेतून गाळला होता. त्या मुलखात बांधाची पाहणी करणारे पंच असत. कुणाचा तुकडा खचलेला दिसला की ते गावच्या खाणावळीत जाऊन बसत आणि काम पुरं होईपर्यंत तिथे खातपीत. सगळा खर्च त्या हलगर्जी माणसाच्या माथी.

"हे का नाही दाखवलं?"

"जेवताना जबडा हलतो. आपल्या पुतळ्यांचा हलत नाही."

"आमच्या समितीचा हलतो," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

अनंत चतुर्दशीला मूर्ती उचलण्याआधी सगळी चाळ मंडपासमोर जमली. सुशीलाताई हिरव्या साडीत पुढे उभ्या राहिल्या, हातात नारळ.

"बा गणपती म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गल्ली म्हणाली.

"आज ह्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"लांब परदेशात जी पोरा आसत, त्येंका सुखात ठेव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." परबांच्या पत्नींनी डोळ्याला पदर लावला.

"पावसात पंपाची पाळी घराघरान घेवची, तळमाळो असो नायतर तिसरो माळो, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण पाळी चुकवीत, त्येच्या घराक अख्ख्या समितीन जेवूक बसाचा, आणि पाणी उतारल्याबिगर उठाचा नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

सर्वांत मोठा आवाज परबांचा होता. म्हणून झाल्यावर त्यांनी मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारीही त्यांच्याकडेच पाहत होता. तोवर नारळ फुटला होता आणि ढोल सुरू झाले होते.

गाऱ्हाण्यात "व्हय" म्हणणारा माणूस काय म्हटलं गेलं ते ऐकून म्हणत नाही. सूर संपला की तो म्हणतो. लहानपणापासून म्हणत आलेला असतो. वर्षानुवर्षं बैठकांची इतिवृत्तं वाचलेल्या माझ्यासारख्याला एवढ्या वेगाने मंजूर झालेला ठराव आठवत नाही.

परबांनी नंतर त्यावर हरकत घेऊन पाहिली. "साहेब, त्याला ठराव कसं म्हणणार? सूचक नाही, अनुमोदक नाही."

"अनुमोदन अख्ख्या गल्लीन दिल्यान," नाना म्हणाले. "तू तर जोरात दिलंस."

"आणि अध्यक्ष? बैठकीला अध्यक्ष लागतो."

नानांनी गणपती बसला होता त्या रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवलं.

पाळ्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात लोकांनी त्या बऱ्यापैकी पाळल्या. पहिल्या माळ्यावरच्या एका शिक्षिकेने जाळीवरच्या पिशव्या काढायला लांब दांड्याचा आकडा करून घेतला. तो पंपापेक्षा उपयोगी ठरला. सुशीलाताईंनी बदलापूरच्या खोलीला अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं. आषाढ जाऊ दे, मग बघते, असं त्या म्हणत.

आषाढात एका दुपारी भरती होती आणि पाऊस थांबत नव्हता. पाळी परबांची होती. चौकात पाणी चढायला लागलं तरी ते उतरले नाहीत. निरोप पाठवला तर उत्तर आलं की गुडघा धरलाय. थोड्या वेळाने तिसऱ्या माळ्यावरून क्रिकेट सामन्याचं समालोचन ऐकू आलं.

सुशीलाताईंनी हँडलला हात लावला नाही. त्या समितीच्या एकेका दाराशी गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग जिना चढलो. मला निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. दार परबवहिनींनी उघडलं. समोर समिती, मागे नाना, नानांच्या हातात हँडल.

त्यांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा टीव्हीसमोरच्या नवऱ्याकडे पाहिलं. "या," त्या म्हणाल्या. "पाटावर मावणार नाही, सतरंजी घालते. बोंबील तळतेय."

परब उठून उभे राहिले. गुडघ्याने तक्रार केली नाही. "अहो, हे काय? असं अचानक?"

"देवापुढे म्हटलंय भाऊ," सुशीलाताई म्हणाल्या. "समितीला मोडता येत नाही." आणि त्या सतरंजीवर बसल्या.

नानांनी हँडल परबांच्या हातात दिलं. "अंगठो आत घेव नको."

परब जिना उतरले. आमची ताटं मांडली गेली. भात, सोलकढी, कुरकुरीत बोंबील. कपाटाला टेकवून ठेवलेल्या फोनवर केतकी आली. तिने बापाच्या खुर्चीत समितीचा खजिनदार पाहिला आणि विचारलं, "बाबा कुठेत?"

"बांधावर," वहिनी म्हणाल्या आणि तव्यावरचे बोंबील उलटायला गेल्या.

खालून पंप खोकल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग तो लागला. सुशीलाताई जेवता जेवता उठून गॅलरीत गेल्या. खाली परब लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून आकड्याने जाळी साफ करत होते. समोर ताईंच्या घराचं दार उघडं होतं, उंबरा आणि आतली फरशी कोरडी. त्या बराच वेळ कठड्याला रेलून उभ्या राहिल्या.

"माझ्या पायरीच्या खाली गेलं पाणी," आत येऊन त्या म्हणाल्या. "आता उठायला हरकत नाही."

कुणी उठलं नाही. नानांनी बसल्या जागी मान उंच करून गॅलरीकडे पाहिलं, आणि ताट वहिनींपुढे सरकवलं.

"चौकात आसा अजून थोडा," ते म्हणाले. "वाढ."